उजवीकडे, पण कुठून बघता?

ज्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नाही, ते पत्र काही फार मोठं नव्हतं. पातळ निळसर कागद, शाईचं पेन, आणि समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या सुताराचं टपोरं अक्षर. त्यात एकच प्रश्न होता. ‘आपण लिहिता की आपल्या विमानाचं इंजिन उजवीकडे फिरतं. पण कुठून पाहिल्यावर? वैमानिकाच्या आसनावर बसून, की विमानासमोर उभं राहून? तेवढं कळवा, म्हणजे पेटी बांधायला घेतो.’

उत्तर एका ओळीचं होतं. पण एका ओळीचं उत्तर देणं ग्रंथपालांना कधी जमलंच नाही. उभा जन्म वाचनालयात गेलेला माणूस. अमुक पुस्तक आहे का असं कुणी विचारलं, तर ‘आहे’ म्हणण्याआधी कपाटापाशी जाऊन बघून यायचे आणि परत आल्यावर म्हणायचे, “असावं.” निवृत्त झाल्यावरही गावात त्यांना सगळे ग्रंथपालच म्हणत. चारचौघांत बोलायची वेळ आली की ते चष्मा पुसायला घेत, आणि काच स्वच्छ होईपर्यंत बहुतेक वेळा विषय पुढे गेलेला असे.

अशा माणसाचा आणि विमानाचा संबंध आला तो मेहुण्यामुळे. बायकोचा हा धाकटा भाऊ, गावाबाहेरच्या धावपट्टीवरच्या हौशी उड्डाण मंडळाचा मेकॅनिक. मंडळाकडे एक जुनं विमान होतं. एकावर एक असे दोन पंख, अंगावर ताणून बसवलेलं कापड, एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका. मेहुण्याने ऐन तारुण्यात त्याला हात लावला होता, आणि आता त्याचे स्वतःचे केस पिकले तरी तो हात निघालेला नव्हता. त्याच विमानाचं नाक एकदा उतरताना जमिनीला टेकलं आणि पुढचा लाकडी पंखा फुटला. मेहुणा त्याला प्रोपेलर म्हणायचा, बाकीचं जग पंखाच म्हणायचं.

तसा पंखा आता कुणी बनवत नव्हतं. बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. शिवाय नुसतं लाकूड तासून भागत नाही, त्यावर कारखान्याचा शिक्का लागतो, सोबत जुने कागद लागतात, नाहीतर निरीक्षक सही करत नाही आणि सहीशिवाय विमान उडत नाही. इकडे नगरपालिकेने मंडळापुढे एक टूम काढली होती. बायपासच्या चौकात खांब उभारून त्यावर विमान बसवायचं, रंगवायचं, खालून दिवे सोडायचे. मंडळाच्या अध्यक्षांना कल्पना पसंत पडली. चौकात चबुतरा बांधूनही झाला. शेवटी कसंबसं ठरलं, की वार्षिक सभेपर्यंत विमान उडालं तर ठीक, नाहीतर जाईल खांबावर.

“घोड्यात भुसा भरून दारात उभा करतात ना, तसलं हे,” मेहुणा म्हणाला होता. एवढंच बोलून तो गप्प बसला, आणि ती गोष्ट त्याच्या स्वभावाला धरून मुळीच नव्हती. ते गप्प बसणं ग्रंथपालांना सोसवेना. मंडळाच्या पुढच्याच एका सभेत आयुष्यात पहिल्यांदाच ते उभे राहिले आणि म्हणाले, “पंखा मी शोधतो. पत्रव्यवहार माझ्यावर सोपवा. काना-मात्रेची चूक होणार नाही.”

घरी आल्यावर आपण हे बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

शोध मात्र त्यांनी मन लावून घेतला. जुन्या विमानांच्या हौशी लोकांचं एक मासिक असे, त्याच्या मागच्या पानांवरचे पत्ते उतरवून त्यांनी दिसेल त्याला पत्र धाडलं. परकी भाषा ते पुस्तकांवरून शिकले होते, बोलायची वेळ कधी आली नव्हती, पण लिहायला पक्की होती. पुष्कळांनी उत्तरच दिलं नाही. काहींनी शुभेच्छा दिल्या. आणि एक दिवस त्या सुताराचं पत्र आलं. त्याचे वडील पंख्यांच्याच कारखान्यात होते, कारखाना मोडला तेव्हा उरलेला माल त्यांनी घरी आणून ठेवला, तो अजून शेडमध्ये आहे, शिक्क्यांसकट, कागदांसकट. फोन नाही, संगणक नाही, काय ते पत्राने कळवावं. इंजिन कोणतं? मधल्या भोकाचं माप काय? आणि फिरतं कोणत्या बाजूला?

ग्रंथपाल धावपट्टीवर गेले. मेहुणा इंजिनात डोकं घालून बसला होता.

“अरे, आपलं इंजिन फिरतं कुठल्या बाजूला?”

“उजवीकडे,” मेहुणा आतूनच म्हणाला.

ग्रंथपालांनी लिहून टाकलं, उजवीकडे. त्यावर ते निळसर पत्र आलं.

पत्र वाचून ते पुस्तकं चाळायला बसले, आणि दोन गोष्टी समोर आल्या. विमानाच्या धंद्यात डावं-उजवं सांगायचं ते आसनावरून, मागून पाहून. हे एक. आणि पुस्तकात त्या इंजिनाबद्दल स्पष्ट लिहिलं होतं, डावीकडे. हे दुसरं. आता चूक कुणाची? पुस्तकाची? पुस्तक चुकेल असं मानायची त्यांच्या मनाची तयारी नव्हती. मग मेहुण्याची? त्या इंजिनाचा एकेक नट ज्याच्या बोटांना पाठ, तो असल्या साध्या गोष्टीत चुकेल? जाऊन विचारावं, तर नेमकं त्याच आठवड्यात मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला होता, “भावोजींना विमान पुस्तकातच दिसतं. उद्या मला विचारतील, चाकं खाली लावायची की वर.” सगळे हसले होते. ग्रंथपालही हसले होते, चष्मा पुसत.

मग ते रोज मसुदा लिहायचे. पहिल्या मसुद्यात दिलगिरी दोन ओळींची होती. पुढच्यात ती पानभर झाली. त्यापुढच्यात विमानविद्येतल्या दिशांच्या संकेतांचा इतिहास आला. प्रश्नाचं उत्तर मात्र कुठल्याच मसुद्यात नव्हतं, कारण ते त्यांना ठाऊक नव्हतं. उद्या विचारू म्हणता म्हणता उद्या काही उजाडेना.

आणि एका सकाळी बंदरावरच्या एजंटाचा फोन आला. पेटी आली होती.

म्हाताऱ्याने उत्तराची वाट न बघता पाठवून दिली होती! म्हणजे पहिल्या पत्रातल्या ‘उजवीकडे’वर विश्वास ठेवून. म्हणजे, पुस्तक बरोबर असेल तर, चुकीचा पंखा.

मेहुण्याने घरी पेढे आणले. ग्रंथपालांनी एक घेतला आणि हळूच रुमालात गुंडाळून ठेवला.

*

पेटी आली म्हणजे हातात आली असं नव्हे, हे पुढच्या दिवसांत सगळ्यांना कळलं. बंदरावरचा एजंट चांगला माणूस होता. काहीही विचारा, तो म्हणायचा, “होऊन जाईल.” मेहुण्याने त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं. या होऊनजाईलने अर्जात साध्या भाषेत लिहिलं, ‘पंखा, लाकडी, जुना, एक.’ त्यावर कचेरीतून विचारणा आली की पंखा किती वॅटचा आहे, छताचा की टेबलाचा, आणि विजेच्या सुरक्षिततेचा दाखला कुठे आहे. ते निस्तरेपर्यंत लाकडाला कीड नाही ना हे बघणारा तपासनीस रजेवर गेला. तो परत आला, त्याने पेटी चारी बाजूंनी ठोकली, वास घेतला, “सुकं लाकूड आहे, चांगला सुतार आहे,” असं म्हणून शिक्का मारला. मग जुनं विमान उडवायला परवानगी आहे का, ती दाखवा. ती दाखवली. मग पंखा बसवल्याशिवाय परवानगी मिळाली कशी, ते सांगा.

“अहो, पंखा फुटायच्या आधीची परवानगी आहे ती!” मेहुणा फोनवर ओरडला.

“होऊन जाईल,” पलीकडून आवाज आला.

प्रत्येक अडचणीला मेहुणा हातपाय आपटायचा, आणि प्रत्येक अडचणीला ग्रंथपालांना मनातून बरं वाटायचं. पेटी जितकी उशिरा उघडेल तितकं बरं. मग या बरं वाटण्याचीच त्यांना लाज वाटायची. सभा जवळ येत होती. खांब रंगवून झाला होता. जेवताना बायको म्हणाली, “अहो, भाजीत मीठ घालायचं राहिलंय, आणि तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेताय. कुठे आहे लक्ष?”

“इथेच आहे.”

“इथे कुठे? ताटात तर नाही.”

शेवटी एजंटाचा फोन आला आणि या खेपेला तो ‘होऊन जाईल’ म्हणाला नाही. कागदावर एक पंखा लिहिलाय आणि पेटीचं वजन भरतंय जवळजवळ दुप्पट, कस्टमच्या बाई म्हणतात पेटी मालकांसमोर उघडायची, दोघांनी समक्ष या.

*

गोदाम उंच पत्र्याचं होतं. आत पोत्यांचा, तेलाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. कस्टमच्या बाई मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर फाईल, केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“विमान कुणाचं?”

“मंडळाचं,” मेहुणा म्हणाला. “पण माझंच.”

“आणि हे?”

“हे माझे भावोजी. लिहिण्यावाचण्याचं सगळं यांच्याकडे. यांच्याशिवाय ही पेटी आलीच नसती.”

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

गोदामातला हमाल पहार घेऊन पुढे झाला, तसा मेहुणा मधे पडला. “ओ दादा, थांबा! पहार कसली घालताय? स्क्रू दिसत नाहीत का? ज्याने एवढं निगुतीने बांधलंय त्याच्या पेटीला पहार?” त्याने खिशातून स्वतःचा पेचकस काढला आणि गुडघ्यांवर बसून एकेक स्क्रू सोडवून ओळीने जमिनीवर ठेवत गेला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

झाकण निघालं. आत जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला लांबलचक ऐवज होता. मेहुण्याने तो तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर उचलला, पोत्यांवर ठेवला, ब्लँकेट सोडलं. मधासारख्या रंगाचं लाकूड, कडेला पितळेची पट्टी, मधोमध कारखान्याचा शिक्का. होऊनजाईलसुद्धा म्हणाला, “वा!”

मेहुण्याचा तळवा पात्याच्या कडेवरून सरकत गेला आणि मधेच थांबला. त्याने पातं उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

ग्रंथपालांना हात लावायची गरज नव्हती. एवढ्या दिवसांत त्यांनी पंख्यांची चित्रं इतकी पाहिली होती की पात्याचा उतार कुठे पडतो हे लांबूनच दिसलं. जवळच्या पोत्यावर टेकून ते चष्मा काढून पुसू लागले.

“हा आपला नाही,” मेहुणा हळू आवाजात म्हणाला.

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“उलटा आहे. हा बसवून इंजिन चालू केलं तर विमान मागे जायला बघेल.” तो उठला नाही. तसाच गुडघ्यांवर बसून राहिला, हात अजून पंख्यावर. “एवढं सगळं करून… जाऊ दे. खांबावर जायचं होतं, जाईल.”

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. आता सांगायलाच हवं होतं. पण तेवढ्यात बाई उठून पेटीपाशी गेल्या. आत वाकल्या. केसांतली पेन्सिल काढून त्यांनी पेटीच्या तळावर टकटक केली.

“हा तळ नाही,” त्या म्हणाल्या. आवाज एकदम बदलला होता. “पेटी बाहेरून एवढी खोल, आतून एवढीच? हा खोटा तळ आहे. कोणी हलायचं नाही.”

होऊनजाईलचा चेहरा पांढराफटक पडला. “मॅडम, मी फक्त एजंट आहे.”

“फळी उचला.”

फळीला दोन्ही टोकांना कापडाच्या पट्ट्या होत्या, उचलायला सोपं जावं म्हणून. लपवायचं असतं तर पट्ट्या कोण लावतो? पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मेहुण्याने पट्ट्या धरून फळी वर ओढली. खाली आणखी एक ब्लँकेट. ब्लँकेटच्या आत दुसरा पंखा.

मेहुण्याने तो उघडला, पात्यावरून हात फिरवला, आणि असा ओरडला की पत्र्याखालची कबुतरं उडाली.

“हा! भावोजी, हा आपला! हाच तो!”

ग्रंथपालांच्या डोळ्यांपुढचं गोदाम एकदम धूसर झालं. चष्मा हातातच होता हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

“आनंद मागाहून,” बाई म्हणाल्या. “कागदावर एक, पेटीत दोन. दुसरा का? आणि फळीखाली का?”

मग होऊनजाईलला ब्लँकेटच्या घडीत खोचलेलं पाकीट दिसलं. बाईंनी ते फोडलं, कागद उलटापालटा केला. “ही भाषा मला येत नाही. लिहिण्यावाचण्याचं सगळं तुमच्याकडे ना? मोठ्याने वाचा. शब्दाला शब्द. मी लिहून घेणार आणि खाली तुमची सही घेणार.”

निळसर कागद, टपोरं अक्षर. ग्रंथपालांनी चष्मा लावला आणि मनातल्या मनात पत्र वाचलं. मग त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. तो पंख्याशेजारी जमिनीवर फतकल मारून बसला होता, आणि कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं असं हसू त्याच्या तोंडावर होतं.

उत्तराबद्दलची वाक्यं गाळता आली असती. तिथे त्यांच्याशिवाय कुणालाच ती भाषा येत नव्हती. ती सोडून वाचलं असतं, तरी पत्र पुरं वाटलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच ग्रंथपालांच्या मनात मजकुरात फेरफार करायचा विचार आला, आणि तो आला याचीच त्यांना इतकी भीती वाटली की ते घाईघाईने पहिल्या शब्दापासून वाचू लागले.

“‘महाशय, आपल्या उत्तराची मी पुष्कळ वाट पाहिली. ते आलं नाही. माझ्या वयाला फार वाट पाहणं परवडत नाही, आणि पुढे थंडीत बोटी उशिरा सुटतात. म्हणून दोन्ही पाठवतो आहे, उजवाही आणि डावाही. एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे फळी घातली आहे. जो बसेल तो ठेवा. दुसरा सवडीने परत करा, त्याचाही कुणीतरी धनी असेल. कागदावर मी एकच लिहिला, कारण आपण ठेवणार एकच. यात काही वावगं झालं असेल तर दोष माझा. उत्तर आलं नाही याचा राग मानलेला नाही. बहुधा माझा प्रश्नच नीट विचारलेला नसावा.’”

बाईंची पेन्सिल थांबली. “कसलं उत्तर?”

ग्रंथपालांनी आतल्या खिशातून पहिलं पत्र काढलं. घड्यांवर ते इतकं झिजलं होतं की उलगडताना जपावं लागलं. त्यातला प्रश्नही त्यांनी वाचून दाखवला.

“हे पत्र कधीचं?”

“बरंच आधीचं.”

“आणि तुम्ही उत्तर दिलंच नाही?”

“नाही.”

“का?”

“चुकेल असं वाटलं.”

बाईंनी दोन्ही पत्रं शेजारीशेजारी ठेवली, अक्षर ताडून बघितलं, शिक्के बघितले, आणि लिहायला लागल्या. “तुम्ही उत्तर दिलं नाही म्हणून त्याने दोन पाठवले. त्याने विचारलं होतं त्याचा पुरावा हा, आणि तुम्ही कळवलं नव्हतं त्याचा पुरावा तो. जमतंय. हे पहिलं पत्र नसतं, तर दुसरा पंखा मला जप्त करावा लागला असता, आणि त्याच्यासोबत पहिलाही.” त्यांनी वर पाहिलं. “दुसरा परत पाठवणार असं लिहून द्या. आपला तो घेऊन जा. आणि आजोबा—”

“हो?”

“त्या माणसाला उत्तर लिहा.”

*

टेम्पो येईपर्यंत दोघे गोदामाबाहेरच्या बाकावर चहा घेत बसले. पंखा मेहुण्याच्या मांडीवर आडवा. ग्रंथपालांनी मनाशी धरलं की आता जे काय ऐकून घ्यायचं ते ऐकून घ्यायचं.

“भावोजी.”

“हं.”

“एवढे दिवस हे खिशात घेऊन हिंडत होता?”

“हो.”

“मला विचारायचं नाही का? मी काय खातो की काय तुम्हाला?”

“तू उजवीकडे म्हणाला होतास. पुस्तकात डावीकडे होतं.”

“पुस्तकात!” मेहुणा उसळला. पंखा बाकावर ठेवून तो उभाच राहिला. “तुमचं पुस्तक गेलं खड्ड्यात. अहो, उजवीकडेच फिरतं! हे बघा, हा मी उभा. हे पातं धरलं. वरून असं उजव्या अंगाला खाली ओढतो, असं—” त्याचा हात हवेत वरून उजवीकडे गेला आणि तिथेच लटकला. त्याने हाताकडे पाहिलं. मग समोर पाहिलं, जिथे त्याच्या मनातलं विमान उभं होतं. “थांबा हं. मी समोर उभा आहे.”

ग्रंथपालांनी कप खाली ठेवला.

“मी नेहमी समोरच उभा असतो. पंखा फिरवून सुरू करून देणारा मी.” तो हळूच खाली बसला. “आसनावरून बघणारा वैमानिक. इंजिन चालू असताना मी त्या आसनावर कधी बसलोच नाही, भावोजी. अख्खा जन्म त्याच्या तोंडासमोर गेला.”

आणि तो हसायला लागला. इतका हसला की चहा सांडला. ग्रंथपालांनाही हसू आलं.

“म्हणजे चूक माझी,” मेहुणा डोळे पुसत म्हणाला.

“नाही, मी विचारायला हवं होतं.”

“बरं, निम्मी निम्मी. पण ताईला आधी मी सांगणार.”

आणि सांगितलंच. पंखा दारातून आत घेता घेताच तो ओरडला, “ताई, तुझ्या नवऱ्याने आज कस्टमच्या लोकांना घाम फोडला! तस्करी करताना पकडले गेले!”

सगळी हकिगत ऐकून बायको धपकन खुर्चीत बसली. “एवढंच होतं? अहो, मला वाटलं पोटाचं काही मोठं दुखणं आहे आणि तुम्ही लपवताय. मी डॉक्टरांकडे नंबर लावून आले.” मग तिने भावाकडे मोर्चा वळवला. “आणि तू रे? माणसांना बोलताना काही विचार करतोस का? तुझ्या जिभेला घाबरून हे महिनामहिना उपाशी राहिले.”

“उपाशी? अळणी भाजी दोनदा खाल्ली म्हणे.”

“जेवायला बसा दोघं,” बायको म्हणाली. त्या दिवशी ग्रंथपाल पोटभर जेवले आणि जेवून उठल्यावर बसल्या जागी झोपले.

*

निरीक्षक आला, त्याने शिक्का पाहिला, कागद पाहिले, आरसा आणि विजेरी घेऊन पंख्याभोवती फिरला आणि सही केली. सभेच्या आदल्या दिवशी सकाळी विमान हँगरबाहेर काढलं. अध्यक्ष आले होते. नगरपालिकेचा एक माणूसही आला होता, खांबाची मापं घेऊन.

मंडळाचा वैमानिक मागच्या बैठकीत चढला. मेहुणा पंख्याला हात घालणार, एवढ्यात थांबला.

“भावोजी, पुढच्या बैठकीत बसा.”

“मी? नको रे. मला त्यातलं काय कळतं?”

“काही कळायला नको. कशाला हात लावू नका. नुसतं बघा. कुणीतरी मागून बघायला नको का?”

ग्रंथपालांना वर चढवायला दोन माणसं लागली. बैठक अरुंद होती, तेलाचा आणि जुन्या कातड्याचा वास येत होता. चाकांना ठोकळे लावलेले होते. समोर काचेपलीकडे मेहुणा दिसत होता, दोन्ही हात पात्यावर, चेहरा इतका गंभीर की ओळखू येऊ नये. त्याने हाळी दिली, वैमानिकाने ओ दिली. मेहुण्याने पातं खाली ओढलं आणि झटकन मागे झाला. काही नाही. पुन्हा. खोकल्यासारखा आवाज, निळा धूर. तिसऱ्यांदा इंजिनाने पकडलं, आणि सगळं विमान ग्रंथपालांसकट थरथरू लागलं.

त्यांनी डोळे ताणून पाहिलं. वेग वाढण्याआधी क्षणभर पातं नीट दिसलं. वरून डाव्या बाजूला खाली जात होतं. समोर मेहुणा उभा होता आणि त्याचा हात हवेत वरून त्याच्या उजव्या बाजूला खाली येत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघंही बरोबर होते.

ग्रंथपाल खाली उतरल्यावर वैमानिक एकटा वर गेला. विमान पट्टीवरून धावलं, कुंपणाच्या पुष्कळ आधी उचललं गेलं, आणि त्याने गावावरून एक सावकाश चक्कर मारली. मेहुणा ते सबंध वेळ मान वर करून उभा होता. उतरताना चाकं टेकली तेव्हाच त्याने श्वास सोडला.

“छानच,” अध्यक्ष म्हणाले. “आता खांबाचं काय करायचं?”

“घड्याळ बसवा,” मेहुणा म्हणाला. “चौकातल्या लोकांना वेळ तरी कळेल.” नगरपालिकेच्या माणसाने ते खरंच लिहून घेतलं.

ग्रंथपाल हँगरमधल्या कामाच्या टेबलाशी बसले. पान्हे आणि चिंध्या बाजूला सारून त्यांनी कागद पसरला. दिलगिरीचं पहिलं वाक्य पेनाच्या टोकाशी आलं होतं. त्यांनी ते तिथेच थांबवलं आणि त्या परक्या भाषेत लिहिलं:

‘डावीकडे. आसनावर बसून पाहिल्यावर. आज मी स्वतः बसून पाहिलं. समोरून पाहिल्यावर उजवीकडे, आणि माझा मेहुणा समोर उभा असतो. आपला प्रश्न अगदी नीट विचारलेला होता. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. आपला पंखा आज सकाळी उडाला. दुसरा पुढच्या बोटीने परत येतो आहे.’

त्यांनी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायचा मोह झाला, पण मेहुणा दारात उभा होता. “झालं का, भावोजी? टपालाची गाडी जायची वेळ झाली. का अजून कपाटात बघून यायचंय?”

“झालं,” ग्रंथपाल म्हणाले.

दोघे टपाल कचेरीपर्यंत चालत गेले. खिडकीतल्या बाईने पाकीट तोललं, तिकिटं दिली. ग्रंथपालांनी ती कोपऱ्याला सरळ चिकटवली आणि पाकीट पेटीत टाकलं.